घरच्या डीव्हीआर संगणकाचं अपग्रेड: आधी काय, मग काय, आणि रेकॉर्डिंग कुठे तुटतं

स्क्रीनवर कॅमेऱ्याचं चित्र हलताना दिसतंय, म्हणजे रेकॉर्डिंगही होत असणार. घरी जुळवलेल्या डीव्हीआरच्या (कॅमेऱ्यांचं फुटेज साठवणाऱ्या संगणकाच्या) बाबतीत ही समजूत सगळ्यात महागात पडते. चित्र कॅमेऱ्याकडून सरळ येतं. रेकॉर्डिंगला मात्र डिस्क, फाइल सिस्टीम, डेटाबेस आणि घड्याळ हे चारही धड लागतात. नवी डिस्क घातली, सॉफ्टवेअर नवं केलं, सगळ्या कॅमेऱ्यांच्या चौकटी दिसल्या, झाकण लावलं. मग तीन आठवड्यांनी पार्किंगमधली स्कूटर जाते, आणि तेव्हा कळतं की अपग्रेडच्या रात्रीपासून एकही फाइल लिहिलेली नाही.

पुढची पद्धत ज्या जोडणीसाठी आहे ती अशी: ऑफिसातून निघालेला जुना डेस्कटॉप, त्यावर डेबियन किंवा उबुंटू, डॉकरमध्ये (प्रोग्रॅम वेगळ्या 'कंटेनर'मध्ये चालवणारी सोय) फ्रिगेट हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर, आणि ४ ते ८ आयपी कॅमेरे (नेटवर्कवरून चित्र पाठवणारे). तुमचं सॉफ्टवेअर दुसरं असलं तरी कामाचा क्रम हाच ठेवा.

नियम एकच, तो मोडू नका: एका वेळी एकच बदल, आणि त्यानंतर एक पूर्ण दिवस व एक पूर्ण रात्र थांबायचं. रात्र यासाठी, की अंधार पडल्यावर कॅमेऱ्याचे आयआर (इन्फ्रारेड) दिवे लागतात, करंट वाढतो, चित्रात दाणे येतात आणि बिटरेटही (दर सेकंदाला येणारा डेटा) चढतो. दुपारी सुरळीत वाटणारी जोडणी रात्री साडेसातला कोसळते. डिस्क, ऑपरेटिंग सिस्टीम आणि फ्रिगेट एकाच रविवारी बदललंत, तर बिघाड कशामुळे झाला हे शोधायला पुढचे चार रविवार जातील.

## १. झाकण उघडण्याआधी

जागेचा हिशोब करा. कॅमेऱ्याचा बिटरेट मेगाबिटमध्ये घ्या आणि १०.८ ने गुणा. एका दिवसाला किती जीबी लागतात ते मिळतं. ४ मेगाबिटच्या कॅमेऱ्याला दिवसाला ४३.२ जीबी लागतात. असे चार कॅमेरे असतील तर १७२.८ जीबी. ४ टीबीच्या डिस्कवर दहावा हिस्सा मोकळा सोडला, तर साधारण २० दिवसांचं फुटेज राहतं. सहा कॅमेरे, प्रत्येकी ३ मेगाबिट आणि ३० दिवस असं हवं असेल, तर ५.८ टीबी लागतात, म्हणजे ८ टीबीची डिस्क घ्या. ६ टीबीत ते काठोकाठ बसतं आणि पहिल्याच पावसाळी रात्री हिशोब चुकतो, कारण आयआरच्या उजेडात पडणारा पाऊस बिटरेट जोरात वाढवतो.

नोंद करा. प्रत्येक कॅमेऱ्याचा आयपी पत्ता, मुख्य प्रवाहाचा (पूर्ण दर्जाचं चित्र) आणि उपप्रवाहाचा (त्याच चित्राची लहान आवृत्ती) मार्ग, रिझोल्यूशन, फ्रेम रेट आणि कोडेक (व्हिडिओ आकसण्याची पद्धत) वहीत लिहा. मदरबोर्डवरच्या जोडण्यांचा फोनवर फोटो घ्या. कोणती साटा केबल कुठल्या पोर्टात होती, हे नंतर आठवत नाही.

बॅकअप घ्या, पण फ्रिगेट थांबवून. कंटेनर बंद करा आणि मगच कॉन्फिगचा (सेटिंगचा) पूर्ण फोल्डर पेन ड्राइव्हवर घ्या. त्यातल्या डेटाबेसच्या मुख्य फाइलशेजारी 'वाल' आणि 'एसएचएम' शेपटीच्या फाइली असतात. चालू कंटेनरमधून एकटी मुख्य फाइल उचललीत तर बॅकअप अर्धवट होतो. तो अर्धवट आहे हे नेमकं परत बसवताना समजतं. डॉकर कंपोझची फाइल (कंटेनर कसा चालवायचा याची) आणि एफएसटॅबची (कोणती डिस्क कुठे जोडायची याची) प्रत याच पेन ड्राइव्हवर ठेवा.

> तपासा: बॅकअपमधली कॉन्फिग दुसऱ्या संगणकावर उघडून वाचता येते का? उघडली नाही तर इथेच थांबा.

## २. आधी जुन्याची तब्येत

ज्याला लोक "जुनी डिस्क गेली" म्हणतात, त्यात बऱ्याचदा डिस्क गेलेली नसते. स्मार्टमॉनटूल्स पॅकेज बसवा, डिस्कचा स्मार्ट अहवाल (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) काढा आणि त्यातले चारच आकडे बघा.

- क्रमांक ५, १९७ आणि १९८: बदललेले, प्रलंबित आणि वाचता न येणारे सेक्टर. १९७ किंवा १९८ शून्याच्या वर असेल तर डिस्कवर भरवसा ठेवू नका. ५ चा आकडा लहान असून आठवडाभर जागचा हलत नसेल तर थोडी मुदत मिळते. वाढत असेल तर आजच बदला.
- क्रमांक १९९: सीआरसी चुका, म्हणजे वाटेत बिघडलेला डेटा. हा आकडा बहुतेक वेळा केबलची तक्रार सांगतो. साटा केबल बदला, पोर्ट बदला, आजचा आकडा लिहून ठेवा. तो कधीच शून्यावर येत नाही, त्यामुळे बघायचं ते एवढंच की पुढे वाढतो की नाही.

लांब स्वचाचणीही चालवा. ४ टीबीच्या डिस्कला त्यासाठी सात-आठ तास किंवा जास्तही लागतात, म्हणून रात्री लावा.

मग एसएमपीएस, म्हणजे संगणकाचा वीजपुरवठ्याचा डबा. फुगलेले कपॅसिटर, पंख्याचा खरखराट, धुळीचा थर हे डोळ्यांना आणि कानांना कळतं. पण एक गोष्ट आधीच माहीत हवी: ब्रँडेड ऑफिस पीसीत मदरबोर्डला २४ पिनांऐवजी कंपनीचा वेगळाच कनेक्टर असू शकतो आणि डिस्कची वीज मदरबोर्डवरून येते. बाजारातला साधा एसएमपीएस तिथे बसत नाही. घेण्याआधी पिना मोजा.

विजेच्या कन्व्हर्टरबद्दल स्पष्ट सांगणं भाग आहे. मोलेक्सवरून (जुना चार पिनांचा वीज कनेक्टर) साटा करणारा, प्लॅस्टिकमध्ये एकसंध ओतलेला स्वस्त कन्व्हर्टर वापरू नका. आतल्या तारा एकमेकींच्या इतक्या जवळ असतात की कालांतराने त्या तापतात, शॉर्ट होतात आणि प्लॅस्टिक वितळतं. चोवीस तास चालणाऱ्या, कुणाचं लक्ष नसलेल्या मशिनमध्ये हा सरळ आगीचा धोका आहे. तारा मागून दाबून बसवलेला, ज्याचं मागचं झाकण वेगळं दिसतं तो प्रकार घ्या.

जाता जाता मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा घड्याळाचा सेलही बदला. त्याचं कारण सहाव्या टप्प्यात येईल.

## ३. डिस्क निवडणं आणि बसवणं

साधी डेस्कटॉप डिस्क स्वस्त पडते, पण ती या कामासाठी बनलेली नाही. सीगेटच्या बाराकुडासारख्या डेस्कटॉप डिस्कच्या माहितीपत्रकात वर्षाला ५५ टीबी भार आणि २४०० तास धरलेले असतात. वर्षात तास असतात ८७६०. वरच्या हिशोबातले चार कॅमेरे वर्षाला ६३ टीबी लिहितात, म्हणजे दोन्ही मर्यादा पहिल्याच वर्षी ओलांडल्या. सीगेट स्कायहॉक किंवा डब्ल्यूडी पर्पल या पाळतीसाठीच्या डिस्कना वर्षाला १८० टीबी आणि चोवीस तास चालणं धरलेलं असतं.

दुसरी गोष्ट म्हणजे लिहिण्याची पद्धत. एसएमआर डिस्कमध्ये पट्टे कौलांसारखे एकावर एक चढलेले असतात. जुनं पुसून नवं लिहिताना शेजारचंही पुन्हा लिहावं लागतं. डिस्क रिकामी असते तोवर काही जाणवत नाही. ती भरली आणि जुनं फुटेज पुसत नवं लिहायची वेळ आली की धाप लागते. "पहिले तीन आठवडे छान चाललं, मग तुटायला लागलं" या तक्रारीत पहिला संशय इथे घ्या. माहितीपत्रकात 'सीएमआर' (पट्टे एकावर एक न चढवणारी पद्धत) लिहिलेलं बघूनच डिस्क घ्या.

वापरलेली सर्व्हर डिस्क स्वस्तात मिळाली आणि बसवल्यावर फिरेचना, तर ती मेलीच असं समजू नका. काही सर्व्हर डिस्कच्या वीज कनेक्टरची तिसरी पिन ३.३ व्होल्ट मिळताच डिस्क बंद ठेवते. मोलेक्सवरून घेतलेल्या विजेत ३.३ व्होल्ट नसतात, त्यामुळे वर सांगितलेल्या चांगल्या कन्व्हर्टरवर तीच डिस्क फिरते.

बसवताना चारही स्क्रू लावा. दोन स्क्रूंवर लटकलेली डिस्क थरथरते आणि शेजारच्या डिस्कलाही त्रास देते. समोर पंख्याची हवा लागली पाहिजे. मे महिन्याच्या दुपारी, बंद माळ्यावर डिस्कचं तापमान ४५ अंशांच्या वर जाऊ लागलं तर डीव्हीआरची जागा बदला.

> सावधान: जुनी डिस्क लगेच पुसू नका. नव्या डिस्कवर पूर्ण मुदतीचं फुटेज जमेपर्यंत ती तारखेची चिठ्ठी लावून कपाटात ठेवा.

## ४. फॉरमॅट आणि जोडणी: सगळ्यात जास्त चुका इथे

१. पार्टिशन टेबल (डिस्कच्या भागांची यादी) जीपीटी ठेवा. एमबीआर ठेवलंत तर २.२ टीबीच्या पुढची जागा दिसत नाही. ४ टीबीची डिस्क ३.६ दिसते ते मात्र ठीक आहे, तो मोजण्याच्या एककाचा फरक आहे.

२. फाइल सिस्टीम ईएक्सटी४ ठेवलीत तर पाच टक्के जागा आपोआप रूट वापरकर्त्यासाठी राखली जाते. ४ टीबीत हे २०० जीबी होतात, म्हणजे एका कॅमेऱ्याचे साडेचार दिवस. डेटाच्या डिस्कला ही राखीव जागा नको; ट्यून२एफएस आज्ञा वापरून शून्य किंवा एक टक्का करा. एक्सएफएस वापरलंत तर हा प्रश्नच येत नाही.

३. एफएसटॅबमध्ये डिस्कचं नाव लिहू नका, यूयूआयडी (फॉरमॅटसोबत मिळणारा ओळख क्रमांक) लिहा. 'एसडीए', 'एसडीबी' ही नावं केबल हलली किंवा पेन ड्राइव्ह लावून संगणक चालू केला की बदलतात. सोबत 'नोफेल' (डिस्क नसली तरी पुढे जा) आणि 'नोएटाइम' (फाइल वाचल्याची वेळ नोंदू नका) हे पर्याय द्या. 'नोफेल' नसेल तर डिस्क रुसल्यावर सगळी मशीन बूटवरच अडकते, आणि तुम्ही गावाला असता.

४. पण 'नोफेल'चा एक तोटा आहे. डिस्क जोडली गेली नाही तरी तिच्या जागेचा रिकामा फोल्डर असतोच, आणि फ्रिगेट निमूट त्यात लिहू लागतं. तो फोल्डर असतो सिस्टीमच्या १२० जीबीच्या एसएसडीवर. दिवसभरात ती भरते आणि सगळंच बंद पडतं. उपाय सोपा आहे, पण करतं कोणी नाही: डिस्क जोडण्याआधी त्या रिकाम्या फोल्डरला चॅट्र आज्ञेने अपरिवर्तनीय करा. मग डिस्क नसताना तिथे एक अक्षरही लिहिलं जात नाही आणि चूक लॉगमध्ये लगेच ओरडते. डिस्क जोडली की लिहिणं नेहमीसारखं चालतं, कारण ते डिस्कवर होतं, फोल्डरवर नाही.

> तपासा: मशीन बंद करून पुन्हा सुरू करा. डिस्क स्वतःहून जोडली गेली का? मग मशीन बंद करून डिस्कची साटा केबल काढा आणि पुन्हा चालू करा. सिस्टीम वर यायला हवी आणि रेकॉर्डिंगने चूक दाखवायला हवी. हे दोन्ही झाल्याशिवाय पाचव्या टप्प्याला हात लावू नका.

नवी डिस्क रिकामी, पण डेटाबेस जुना, अशा वेळी टाइमलाइनवर जुन्या नोंदी दिसतात आणि दाबलं तर काही वाजत नाही. हा बिघाड नव्हे. त्या नोंदी मुदत संपली की जातात.

## ५. फ्रिगेटची आवृत्ती

एक पूर्ण दिवस आणि रात्र नव्या डिस्कवर नीट गेली, आता सॉफ्टवेअर.

- कंपोझ फाइलमध्ये प्रतिमेच्या (डॉकर इमेजच्या) नावापुढे 'स्टेबल' लिहिण्याऐवजी नेमका आवृत्ती क्रमांक लिहा. नाहीतर कधीतरी सहज प्रतिमा ओढली जाते आणि नको त्या दिवशी अपग्रेड होतं.
- मधल्या प्रत्येक आवृत्तीच्या बदलांची यादी वाचा. ०.१४ मध्ये रेकॉर्डिंगच्या मांडणीतले 'इव्हेंट्स' जाऊन 'अलर्ट्स' आणि 'डिटेक्शन्स' आले. कॉन्फिग आपोआप बदलते खरी, पण फोल्डर 'फक्त वाचण्यासाठी' जोडला असेल तर बदल करता येत नाही.
- मागे फिरायचं असेल तर फक्त जुनी आवृत्ती लावून भागत नाही. जुना डेटाबेसही परत ठेवावा लागतो. पहिल्या टप्प्यातला बॅकअप त्यासाठीच आहे.
- सामायिक मेमरी (फ्रिगेटचे भाग चित्रं एकमेकांना देतात ती जागा) वाढवा. ओळख (चित्रात माणूस, गाडी शोधणं) १२८० × ७२० वर चालणारे सहा कॅमेरे असतील तर २५६ एमबी द्या. कमी पडली तर लॉगमध्ये 'बस एरर' येऊन कंटेनर पुन्हा पुन्हा चालू होतो. त्याचा रॅमच्या काडीशी संबंध नसतो, तरी लोक रॅम विकत आणतात.

प्रोसेसर शंभर टक्क्यांवर जात असेल तर नवा घेण्याआधी दोन गोष्टी बघा. मुख्य प्रवाह रेकॉर्डिंगला आणि लहान उपप्रवाह ओळखीला, अशी वाटणी केली आहे का? आणि ग्राफिक्सचं डिव्हाइस कंटेनरला दिलं आहे का? रेकॉर्डिंग जसंच्या तसं डिस्कवर जातं, त्याला प्रोसेसर फारसा लागत नाही. खर्च होतो तो ओळखीसाठी चित्र उलगडण्यावर. इंटेलची चौथी पिढी एच२६४ हार्डवेअरमध्ये उलगडते, एच२६५ नाही. सहाव्या पिढीपासून आठ बिट एच२६५ चालतं. चौथ्या पिढीचा पीसी असेल तर उपप्रवाह एच२६४ वर ठेवा. तेवढ्यानेच बऱ्याच ठिकाणी नव्या मशिनचा खर्च वाचतो.

## ६. कॅमेरे, घड्याळ, वीज

कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'स्मार्ट कोडेक', 'एच२६४ प्लस', 'एच२६५ प्लस' जे काही असेल ते बंद करा. या सोयी दोन पूर्ण फ्रेममधलं (आय-फ्रेममधलं) अंतर मनाला येईल तसं वाढवतात आणि क्लिप मधूनच सुरू होतात. आय-फ्रेमचं अंतर फ्रेम रेटएवढं ठेवा: १५ फ्रेम असतील तर १५. प्रत्येक कॅमेऱ्याचा आयपी राउटरमध्ये पक्का करा. पासवर्डमध्ये '@' ठेवू नका. आरटीएसपी पत्त्यात (कॅमेऱ्याचा प्रवाह मागवण्याचा पत्ता) ते चिन्ह पासवर्ड आणि आयपी यांच्यामधली खूण असतं, त्यामुळे पत्ता चुकीच्या जागी तुटतो.

आवाज रेकॉर्ड करायचा असेल तर लक्षात घ्या, बहुतेक कॅमेऱ्यांत तो जी७११ कोडेकमध्ये येतो आणि एमपी४ फाइलला तो चालत नाही. नुसती प्रत करायला सांगितलंत तर आवाजच काय, चित्राची फाइलही बनत नाही. आवाज एएसी कोडेकमध्ये बदलणारा फ्रिगेटचा प्रीसेट निवडा.

घड्याळाचं महत्त्व चोरी झाल्यावर कळतं. पोलीस चौकीत नेलेल्या फुटेजवर कॅमेऱ्याची वेळ एक आणि फाइलची वेळ दुसरी असली, तर प्रश्न तुम्हालाच विचारतात. डीव्हीआरवर क्रोनी (घड्याळ जुळवणारा प्रोग्रॅम) बसवा, त्याला घरातल्या कॅमेऱ्यांना वेळ द्यायला लावा, आणि प्रत्येक कॅमेऱ्यात वेळेचा सर्व्हर म्हणून डीव्हीआरचा आयपी भरा. मग इंटरनेट नसलं तरी सगळ्यांची वेळ सारखी राहते. मदरबोर्डचा सेल मेलेला असेल तर लाईट गेल्यावर मशीन जुन्याच तारखेला उठते आणि इंटरनेट येईपर्यंतचं फुटेज त्या तारखेच्या फोल्डरमध्ये जाऊन पडतं. पन्नास रुपयांचा सेल त्यासाठी.

विजेसाठी तीन कामं:

१. बायोसमध्ये वीज परत आल्यावर 'पॉवर ऑन' निवडा. हे विसरलंत तर लाईट येते, डीव्हीआर मात्र निजलेलाच राहतो.
२. यूपीएसवर पीसी, पीओई स्विच (नेटवर्क केबलमधूनच कॅमेऱ्यांना वीज देणारा) आणि राउटर तिघंही घ्या. पीसी चालू आणि स्विच बंद, या जोडणीचा काही उपयोग नाही.
३. यूएसबी डेटा पोर्ट असलेला यूपीएस घ्या आणि एनयूटी (यूपीएसवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर) बसवा, म्हणजे बॅटरी संपण्याआधी मशीन नीट बंद होते. घरच्या इन्व्हर्टरवरच चालवत असाल तर त्याचा खटका 'यूपीएस' मोडवर ठेवा. साध्या मोडमध्ये बदलाच्या क्षणी पीसी रीस्टार्ट होऊ शकतो.

## ७. तुटतंय कुठे: लक्षणावरून शोध

रोज संध्याकाळी एकच कॅमेरा जातो आणि सकाळी परत येतो. आयआर दिवे लागल्यावर व्होल्टेज पडतंय. केबलचं एक टोक कापा आणि तारेचा ताजा काप उजेडात धरा. काप पूर्ण तांबूस असेल तर तांबं. कडेला तांबूस कडी आणि मध्ये पांढरी चकाकी दिसली, तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची तार आहे. ती स्वस्त म्हणून सर्रास विकली जाते, आणि ४०-५० मीटरवर पीओईला दगा देते. तेवढी केबल शुद्ध तांब्याची टाका. १२ व्होल्ट अॅडॉप्टरवरचा कॅमेरा असेल तर रात्री, दिवे चालू असताना, कॅमेऱ्याच्या टोकाशी मल्टिमीटर लावा. ११ च्या खाली असेल तर अॅडॉप्टर कॅमेऱ्याजवळ न्या.

पावसाळ्यात कधी चालतो, कधी नाही. आरजे४५ चा जोड उघडून बघा. पिनांवर हिरवट थर असेल तर कापून नवा बसवा, पाणीरोधक डबीत घाला, आणि डबीत शिरण्याआधी केबलला खाली झोळ द्या म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकतं, आत जात नाही. गच्चीवरून येणाऱ्या केबलला सर्ज प्रोटेक्टर लावा आणि त्याला खरी अर्थिंग द्या. अर्थिंग नसलेला प्रोटेक्टर लावला न लावला सारखाच.

सगळे कॅमेरे एकाच क्षणी तुटतात. कॅमेरे सोडा, स्विच, त्याचा अॅडॉप्टर आणि राउटर बघा. स्विचवर लिहिलेली एकूण वॅटची क्षमता आणि सगळ्या कॅमेऱ्यांची बेरीज ताडा. आठ पोर्ट आहेत म्हणजे आठही पोर्टांना १५.४ वॅट मिळतील असं नसतं.

चित्र आहे, पण फुटेजमध्ये काही सेकंदांची भोकं आहेत. लॉगमध्ये कॅशमधले तुकडे डिस्कवर हलवायला वेळ पुरत नसल्याची सूचना शोधा. सापडली तर डिस्क हळू आहे: आधी क्रमांक १९९ बघा, मग १९७, मग एसएमआर. डिस्क नेटवर्कवरच्या साठ्यात असेल तर तात्पुरती स्थानिक डिस्क लावून फरक बघा. सूचना नसेल तर भोकं नेटवर्कची आहेत. त्या कॅमेऱ्याची केबल दुसऱ्या पोर्टात लावा आणि भोकं कॅमेऱ्यासोबत जातात की पोर्टापाशी राहतात ते बघा.

फुटेज ठरल्यापेक्षा कमी दिवस राहतं. तासाभराचीही जागा उरली नाही की फ्रिगेट मुदतीची वाट न बघता सगळ्यात जुनं पुसतं. पहिल्या टप्प्यातला गुणाकार पुन्हा करा, पण कॅमेऱ्यात लिहिलेला बिटरेट घेऊ नका. रात्रीच्या एका तासाचं फोल्डर किती जीबीचं झालंय ते मोजा आणि २४ ने गुणा.

बाहेरून बघता येत नाही. त्यासाठी राउटरमध्ये पोर्ट उघडू नका. कॅमेरे आणि डीव्हीआर थेट इंटरनेटवर मांडणं म्हणजे घराची खिडकी रस्त्यावर उघडणं. टेलस्केल किंवा वायरगार्ड (घराशी सुरक्षित खासगी जोडणी, म्हणजे व्हीपीएन) लावा. आपल्याकडच्या अनेक फायबर जोडण्यांना स्वतःचा सार्वजनिक आयपी नसतो, आणि टेलस्केल तिथेही चालतं.

## ८. झाकण लावण्याआधी

रात्री दहाला मेन स्विच पाडा. यूपीएसवर मशीन नीट बंद होऊ द्या, दहा मिनिटं थांबा आणि स्विच वर करा. कशालाही हात लावू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक कॅमेऱ्याची रात्री एकची आणि पहाटे चारची क्लिप उघडा, ती फोनवर उतरवा, फोनवरच चालवून बघा, आणि कॅमेऱ्याची वेळ फाइलच्या वेळेशी जुळते का ते ताडा. ज्या कॅमेऱ्याची क्लिप उतरत नाही, त्याच्यासाठी सातव्या टप्प्यावर परत जा. सगळ्या उतरल्या, तर चारही स्क्रू लावून झाकण बंद करा आणि आजची तारीख व डिस्कचे ते चार आकडे चिठ्ठीवर लिहून आतल्या बाजूला चिकटवा.